देह खंडातलं शेवटचं प्रकरण

सासऱ्याने आणि सुनेने समोरासमोर बसून मोठ्याने वाचू नयेत असे शब्द कुठल्याही भाषेत असायचेच. इंग्रजीतले असे झाडून सारे शब्द अण्णांनी एका प्रकरणात गोळा करून ठेवले होते. तेव्हा त्यांचे डोळे शाबूत होते, कोशाच्या कचेरीत वाचायला पगारी माणूस होता. हे प्रकरण एक दिवस सुनेच्या तोंडून ऐकावं लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर अण्णांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

कोश साधासुधा नव्हता. इंग्रजी शब्द, त्याचा आपल्या भाषेतला अर्थ आणि तो मुळात कुठून आला त्याची हकीकत, असा एकेका विषयाचा एकेक खंड. शेतीचा झाला, समुद्राचा झाला, घरादाराचा झाला. शेवटचा खंड देहाचा. डोकं, छाती, पोट, हाडं अशी प्रकरणं हातावेगळी होत गेली आणि ‘प्रजनन’ तेवढं मागे राहिलं. अण्णा म्हणायचे, त्याच्यात अजून काम आहे. काम कसलं, डोंबलाचं. लिहून झालं होतं, जुळवून झालं होतं, प्रुफं येऊन टेबलावर पडली होती. ऐकायची लाज, दुसरं काय.

डोळ्यांच्या ऐन मधोमध डाग पडल्यापासून अण्णांना कडेकडेचं तेवढं दिसे. दाराची चौकट दिसे, दारातला माणूस दिसत नसे. कुणाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाशेजारच्या भिंतीकडे नजर लावावी लागे. असल्या डोळ्यांनी प्रुफं कशी वाचणार? म्हणून सून वाचू लागली. आधी ती बँकेत होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडून घरी बसली, आणि नुसत्या भिंती बघण्यापेक्षा हे बरं म्हणून तिने कागद हातात घेतले. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा जहाजावर इंजिनीअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात ही दोघंच. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोल्यांमध्ये दिवसभर दुसरा आवाज म्हणून नसे.

वाचायची पद्धत मात्र छापखान्यातली, जुनी. वाचणाऱ्याने सगळं वाचायचं. शब्द, अर्थ, स्वल्पविराम, पूर्णविराम, काही म्हणता काही सोडायचं नाही. ऐकणाऱ्याने प्रत्येक नोंदीनंतर ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ आलं की नोंद पक्की. नाही आलं तर वाचणाऱ्याने तिथेच थांबायचं, मग जेवणाची वेळ टळली तरी बेहत्तर. ऐकणाऱ्यापुढे एरवी मूळ हस्तलिखित असतं, पण अण्णांना त्याची गरज नव्हती. आपली प्रत्येक नोंद त्यांना तोंडपाठ होती. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी त्यांची मान हलायची.

त्या सकाळी विषय सुनेनेच काढला. कप विसळून, हात पुसत ती टेबलाशी आली आणि म्हणाली, “अण्णा, आज प्रजनन उरकून टाकू या.”

“घेऊ सावकाश. आधी सूची बघू.”

“सूची दोनदा झाली. कचेरीतला माणूस परवा खंड न्यायला येतोय. आणि उद्या मला वेळ नाही.”

“उद्या काय?”

“दवाखान्यात जायचंय. जिथे झालं होतं, तिथेच. दोन वर्षं झाली ना? टाका पक्का झाला का बघून घेते. हे रजेवर यायच्या आत.”

हे ती अगदी सहज बोलली, बाजारात जाऊन येते म्हणावं तसं. अण्णांनी मात्र चाचपडून सूचीचे कागद पुन्हा जवळ ओढले.

आता ती गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण अण्णांना ती घडाघडा पाठ होती आणि जिची होती तिला तिचा पत्ताही नव्हता. पहिल्या खेपेला सुनेचं पोट फाडून मूल काढावं लागलं होतं. मुलगी होती, संध्याकाळपर्यंत जगली. दुसऱ्या खेपेला कळा सुरू झाल्या आणि आतला जुना टाका उसवला. मुलगा भर समुद्रात, फोन लागेना. घरचं माणूस म्हणून दवाखान्यात अण्णा एकटे, भिंतीला टेकून उभे. डॉक्टरीण बाई बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाली, मूल गेलंय, बाई वाचेल. गर्भाशय शिवता येईल, पण पुन्हा दिवस राहिले तर पुन्हा उसवेल आणि मग ती हाती लागणार नाही. नळ्या आत्ताच बांधून टाकू का? अण्णांनी हो म्हटलं आणि पुढे आलेल्या कागदावर सही केली. या माणसाने उभ्या जन्मात न वाचता एका ओळीखाली सही केली नव्हती. त्या दिवशी केली.

बरं, सही केली ती जीव वाचवायला केली. त्याबद्दल कुणी बोल लावला नसता. पण नंतर तोंडात मिठाची गुळणी धरून बसायला कुणी सांगितलं होतं? मुलगा रजेवर आला, लहान पोरासारखा रडला आणि डोळे पुसून म्हणाला, “तिला इतक्यात नको सांगायला. टाका पक्का व्हायला दोन वर्षं लागतात असं सांगू. तोवर ती सावरेल, मग बघू.” अण्णांना तेव्हा दोन वर्षं म्हणजे केवढा तरी अवधी वाटला. दवाखान्यातले लोक धरून चालले, की घरच्यांनी सांगितलं असेल. घरच्यांनी वेळ मारून नेली. आणि सून बिचारी कॅलेंडराकडे बघत सावरत गेली. सकाळी फिरायला जाऊ लागली, लोहाच्या गोळ्या वेळेवर घेऊ लागली. परवाच बँकेत जाऊन विचारून आली होती, पुन्हा घ्याल का म्हणून. पण लगेच नको, म्हणाली, दोन-अडीच वर्षांनी, मूल होऊन जरा मोठं झालं की.

“उद्याच कशाला?” अण्णा म्हणाले. “तो आला की दोघं मिळून जा.”

“हेही दर फोनवर हेच म्हणतात. बाप-लेक अगदी एका साच्यातले.” तिने खुर्ची ओढली, कागद सारखे केले. “चला. सुरू करते. तुम्ही लाजू नका, मी लाजत नाही.”

आणि वाचायला लागली.

“एम्ब्रिओ. अपूर्णविराम. गर्भ, स्वल्पविराम, पहिल्या काही आठवड्यांचा. पूर्णविराम. ग्रीक, स्वल्पविराम, आतल्या आत फुगणं, वाढणं. पूर्णविराम.”

“हं.”

“प्लॅसेंटा. अपूर्णविराम. वार. पूर्णविराम. लॅटिन, स्वल्पविराम, चपटा केक.” ती थबकली. “केक?”

“ज्याने मुडदा फाडून पहिल्यांदा बघितलं, त्याला तो तसा दिसला.”

“भूक लागली असेल मेल्याला,” सून म्हणाली आणि अण्णांना हसू आलं. हसू आलं म्हणून लगेच अपराधीही वाटलं. हल्ली त्यांचं असंच व्हायचं, तिच्यासोबत धड हसताही येत नसे.

हळूहळू भीड चेपली. ओव्हम म्हणजे अंडं. सर्व्हिक्स म्हणजे मान, गर्भाशयाची. लेबर म्हणजे कष्ट, मेहनत, तोच शब्द जो मजुराला लावतात. डिलिव्हरी म्हणजे सुटका. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, बोटाने टेबलाच्या कडेवर ठेका धरत होते आणि हं म्हणत होते. मग ‘पुडेंडम’ आला. सुनेने तो स्पष्ट वाचला, अर्थ वाचला, स्त्रीचा बाहेरचा गुप्त अवयव, आणि मूळही वाचलं. ज्याची लाज वाटावी ते.

अण्णांचे कान तापले. “हं,” ते घाईने म्हणाले.

“थांबा हो. लाज कुणाला वाटावी?”

“लॅटिनमध्ये तेवढं सांगितलेलं नाही.”

“ज्याने नाव ठेवलं त्याला तर तो अवयव नव्हताच. त्याला कशाची लाज?”

“ठेवलं खरं तसं नाव. माझ्यावर का चिडतेस?”

“तुमच्यावर नाही चिडत.” तिने पान उलटलं. “हिस्टेरिया. अपूर्णविराम. ग्रीक हिस्टेरा, स्वल्पविराम, गर्भाशय. बाई भडकली की तिचं गर्भाशय जागचं हललं असं समजत, पूर्णविराम. आणि पुरुष भडकला की?”

“त्याला संताप म्हणतात.”

“वा. त्याचं काहीच जागचं हलत नाही.”

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा आवाज येत होता. एक ट्रक मागे घेताना पिकपिक करत होता, कुणी कुणाला गाडी हलवायला सांगत होतं. सून एका लयीत वाचत होती. अबॉर्शन आला. मूळ लॅटिन, उगवणं या शब्दापासून. उगवता उगवता नाहीसं होणं. ती वाचून पुढे गेली. त्याच्या खाली ‘स्टिलबॉर्न’ होता. अण्णांना तो तिथे आहे हे माहीत होतं, दोन ओळी आधीपासून त्यांचा ठेका थांबला होता.

“स्टिलबॉर्न. अपूर्णविराम. मृत जन्मलेलं. पूर्णविराम. स्टिल, जुनं इंग्रजी, स्वल्पविराम, न हलणारं, स्वल्पविराम, शांत. पूर्णविराम.” आवाज कुठे कापला नाही. “अण्णा, हं?”

“हं.”

“हा शब्द चांगला आहे,” ती म्हणाली. “आपल्याकडे मेलेलं म्हणतात. शेजारची ती मावशी मला तेच म्हणाली होती, तुझं मेलेलं ना गं झालं? यांनी निदान शांत म्हटलंय.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या चष्म्याचा तसा काही उपयोग राहिला नव्हता.

“एक सांगू?” सून म्हणाली. “हे वाचताना मला बरं वाटतंय. दवाखान्यात कुणी काही सांगतं का? आपल्याच अंगात काय आहे, कुठे आहे, त्याला काय म्हणतात, धड एक शब्द कुणी बोलत नाही. तुम्ही मात्र सगळं लिहून ठेवलंत. उद्या मी त्या बाईला नीट विचारणार आहे. सर्व्हिक्स कशी आहे, टाका कुठे आहे. बघतच राहील.”

हे असं कौतुक कुणाच्या वाट्याला येऊ नये. अण्णा म्हणाले, जेवून घेऊ, मग पुढचं.

जेवण झाल्यावर सून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तशी अण्णांनी चाचपडत फोन लावला. जहाज बंदराला लागलं होतं, मुलाने लगेच उचलला.

“ती उद्या दवाखान्यात चाललीय,” अण्णा म्हणाले. “आज सांगावं लागेल.”

पलीकडे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. “आज नको. मी कामावर आहे, अण्णा. उद्या जाऊ देऊ नका तिला. काहीही सांगा. डॉक्टरीण रजेवर आहे म्हणा.”

“किती दिवस म्हणू?”

“मी येईपर्यंत. आलो की मी बघतो.”

“दोन वर्षं तू बघतोच आहेस.”

मुलगा म्हणाला, “सही तुमची आहे,” आणि फोन ठेवला.

असं उत्तर पोटच्या पोराकडून आलं की माणसाने काय करावं? अण्णा फोन हातात धरून तसेच बसले. खरं तर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. पोरगा म्हणाला ते खरंच होतं. आणि त्या सहीमागे आणखीही एक गोष्ट होती, जी अण्णांनी पोरालाही सांगितलेली नव्हती. ती आठवली की ते उठून पाणी प्यायचे. आत्ताही उठले, प्यायले. तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या.

सून पिशवी ठेवते न ठेवते तोच अण्णा म्हणाले, “अगं, त्या डॉक्टरीण बाई रजेवर आहेत म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“असंच, कानावर आलं.”

“तुमच्या कानावर? कुठून? तुम्ही तर घराबाहेर पडत नाही.” ती हसली. “मी काल फोन करून वेळ घेतलीय त्यांची. स्वतः बोलल्या.”

अण्णा ओशाळले. आयुष्यभर शब्दांशी खेळलेला माणूस, पण साधी थाप मारता येत नव्हती. सून त्यांच्याकडे जरा बघत राहिली असावी, कारण खुर्ची ओढल्याचा आवाज यायला वेळ लागला.

दुपारचा भाग प्रकरणाच्या शेवटचा, उपचार आणि शस्त्रक्रिया. या प्रकरणातलं हे टोक अण्णा सकाळपासून बघत होते, पायऱ्या उतरताना खालचं पाणी दिसावं तसं. सिझेरियन झाला. सून म्हणाली, लहानपणी आम्हाला सांगायचे की रोमचा राजा पोट फाडून जन्मला म्हणून हे नाव. अण्णा म्हणाले, भाकडकथा, कापणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं असावं. हिस्टेरेक्टमी झाला, गर्भाशय काढून टाकणं. हं. लायगेशन झाला, बांधणं. तिथे हं यायला थोडा उशीर झाला, पण आलं.

“ट्यूबेक्टमी,” सुनेने वाचलं. “अपूर्णविराम. पुन्हा गर्भ राहू नये म्हणून स्त्रीच्या गर्भनलिका बांधण्याची किंवा कापण्याची शस्त्रक्रिया. पूर्णविराम. लॅटिन, स्वल्पविराम, नळी. अर्धविराम. ग्रीक, स्वल्पविराम, कापून काढणं. पूर्णविराम.”

हं आलं नाही.

ती थांबली. पद्धतच होती तशी. अण्णांनी हं म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. एवढासा तो हुंकार, झोपेतही ते म्हणत असत.

“काही चुकलं का?” तिने नोंद पुन्हा वाचली, या वेळी सावकाश, विरामचिन्हांसकट.

“गाळ ती,” अण्णा म्हणाले.

“का?”

“जागा नाही.”

“खाली अर्धं पान कोरं आहे.”

“आता कुणी वापरत नाही तो शब्द.”

“दवाखान्यात भिंतीवर पाटी होती या शब्दाची. मी खाटेवरून बघितलीय.” कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. “तुम्ही बरोबर असलेली नोंद कधी गाळली नाहीत. एका अर्धविरामासाठी मला तासभर बसवून ठेवलंय. आणि आज आख्खा शब्द गाळताय. सकाळपासून मला दवाखान्यात जाऊ नको म्हणताय. डॉक्टरीण रजेवर आहे म्हणताय.”

रस्त्यावरचा ट्रक केव्हाच निघून गेला होता.

“अण्णा, माझं केलंय का हे?”

अण्णांनी तिच्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघितलं. तेव्हा कडेला तिचा चेहरा दिसला. तिचे दोन्ही हात कागदावर पालथे होते.

“हो,” ते म्हणाले.

ती ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर अण्णांना सुटल्यासारखं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, “यांना माहीत आहे?”

“आहे.”

“कधीपासून?”

“त्याच्या पहिल्या रजेपासून. तुला धक्का नको म्हणून...”

“गप्प बसा जरा.” अण्णांना असं या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं, बायकोनेसुद्धा. सून आपल्याशीच बोलल्यासारखी बोलू लागली. “दर रजेला दुकानातून ते पाकीट आणायचे. कपाटात माझ्या देखत ठेवायचे. टाका कच्चा आहे, सांभाळायला हवं म्हणायचे. आणि मी मैत्रिणीला फोन करून सांगायचे, की बघ, किती जपतात मला. दोन वर्षं, अण्णा. ते पाकीट कशाला लागत होतं?”

सासऱ्याला सांगायची गोष्ट नव्हती ही. पण सकाळपासून दोघांनी इतकं काही वाचलं होतं, की आता लाज बाळगायला जागा कुठे उरली होती?

“आता मला नीट सांगा,” ती म्हणाली. “काय झालं, कुणी काय म्हटलं. ग्रीक नको, लॅटिन नको.”

अण्णांनी सांगितलं. भिंतीला टेकून उभा होतो. बाई बाहेर आली. मूल गेलं म्हणाली. पुन्हा दिवस राहिले तर तू जाशील म्हणाली. नळ्या बांधू का म्हणाली. मी हो म्हटलं. सांगायला किती वेळ लागला? भाजी चिरून व्हायलाही जास्त लागतो. तेवढंच सांगायला त्यांनी दोन वर्षं लावली होती.

“तुझा जीव वाचवायला म्हटलं,” ते शेवटी म्हणाले.

“तेव्हा मी कुठे होते?”

“आत.”

“बेशुद्ध?”

इथे एक ‘हो’ म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पोराशी ते तसंच बोलले होते, ती बेशुद्ध होती, दुसरं कुणी नव्हतं, काय करणार. सुनेनेही मानलं असतं. आणि माणूस खोटं बोलण्यात अगदीच कच्चा असला तरी एक अक्षर काही जड नाही. अण्णांनी टेबलाची कड घट्ट धरली.

“नव्हतीस,” ते म्हणाले. “भूल द्यायची होती अजून. डॉक्टरीण बाई म्हणाली, ती शुद्धीवर आहे, मी आत जाऊन तिलाच विचारते. मी म्हटलं, नको. घाबरेल. तिला काय कळणार या वेळी. मी सांगतोय ना, बांधा.”

अण्णांना वाटलं ती उठून गेली की काय, पण हात कागदावर तसेच होते.

“मला आठवतंय ते,” सून म्हणाली. “वर मोठा दिवा होता. नर्स माझ्या उशाशी उभी होती. माझं नाव विचारलं, वय विचारलं. खोटे दात आहेत का विचारलं. शेवटचं कधी खाल्लंस, विचारलं. अंगठी निघते का, विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. दुखत होतं, पण दिली.” तिने श्वास घेतला. “हेही विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, अण्णा. मला मरायचं नव्हतं. दोन्ही मुलं गेली तरी मला जगायचं होतं. मी आपणहून म्हटलं असतं, बांधा. रडले असते आणि म्हटलं असतं. मग दोन वर्षं रोज उठून वाट बघत बसले नसते.”

“चुकलं माझं,” अण्णा म्हणाले. आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्या बिनकामाच्या डोळ्यांतून, आणि त्यांना पुसायचंही सुचेना. सुनेने रुमाल दिला नाही. का द्यावा?

तिने कागद उचलले. “हं म्हणा. नोंद बरोबर आहे.”

“सूनबाई...”

“परवा माणूस यायचाय. हं म्हणा.”

अण्णांनी हं म्हटलं. तिने पुढची नोंद वाचली, तिच्या पुढची वाचली. तिचा आवाज सपाट होता, प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी. अण्णा हं म्हणत गेले. अशी एकामागून एक प्रकरणाची शेवटची पानं संपली आणि देह खंड पुरा झाला. उभ्या जन्माचं काम, पण पुरं झालं म्हणून कुणी काही बोललं नाही. सुनेने प्रुफं दोऱ्याने बांधली, खुर्ची आत सरकवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी घासून झाली तरी नळ बराच वेळ चालू होता.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा अण्णा तिथेच बसलेले होते.

“यांचा फोन आला तर मला देऊ नका,” ती म्हणाली. “आणि उद्या मी जाणार आहे.”

“दवाखान्यात? आता कशाला?”

“विचारायला. माझं आणखी काय काय केलंय ते.”

“आणखी काही नाही गं, शपथ.”

“तुमची शपथ नको. मला त्या बाईच्या तोंडून ऐकायचंय. कुठल्या नळ्या, कशा बांधल्या, माझं पुढे काय होणार, सगळं. एकेक शब्द.”

अण्णा टेबलाला धरून उठले. चौकट दिसत होती, चौकटीतली ती दिसत नव्हती. “मी येतो बरोबर,” ते म्हणाले. “मीच सांगतो तिला, की हिला सगळं सांगा म्हणून.”

“नको,” सून म्हणाली. “तुम्ही बरोबर असलात की तिथले लोक तुमच्याशीच बोलतात.”